तेराशे बारा पोरं जर्मनीत

शुक्रवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी नाशिकच्या एका वधू-वर सूचक मंडळातले तेराशे बारा मुलगे एकदम जर्मनीला गेले. त्यांना पाठवलं रविराजने, एका बोटाने, आणि तेही चुकून.

खरं तर जर्मनीला जायचं होतं एकट्या स्वराजने. स्वराज म्हणजे मंडळाचे अध्यक्ष गोटीरामअण्णा यांचा घोटीचा भाचा. त्याला तिकडे नोकरी लागली आणि मंडळातली त्याची माहिती बदलून घ्यायला अण्णा स्वतः रविराजच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. रविराज आठ वर्षं मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळत होता. मागे कोणी उभं राहिलं की त्याला साधी बेरीजही जमत नसे.

"टाक ना लवकर. राहणार जर्मनी. उंची पाच फूट अकरा."

"अण्णा, आधी पाच सात लिहिलीय."

"बूट घातल्यावर अकरा हाय. टाक तू."

नियम असा, की मुलांच्या यादीत काय बदलायचं ते आधी लिहायचं आणि कोणाचं बदलायचं तो नोंदणी क्रमांक शेवटी; क्रमांक राहिला तर यादीतल्या सगळ्यांचंच बदलतं. रविराज क्रमांकापर्यंत पोचला तेवढ्यात अण्णांनी "झालं का?" म्हणत त्याच्या खांद्यावर थाप मारली. बोट एंटरवर पडलं. पडद्यावर अक्षरं आली: १३१२ नोंदी बदलल्या.

माहिती बदलली की पालकांना आपोआप संदेश जावा, अशी सोय त्यानेच मोठ्या हौसेने करून ठेवली होती. तिसऱ्या मिनिटाला फोन वाजला. अण्णांना ऐकू कमी येत असल्यामुळे ऑफिसचा फोन कायम स्पीकरवर असे.

"मी नाथा बोलतोय, दिंडोरीहून. आमचं पोरगं जर्मनीला गेल्याचा मेसेज आलाय."

"चूक झाली काका, दुरुस्त करतो."

"ते करा हो. पण मंग हितं गोठ्यात शेण कोन काढतंय?"

पाठोपाठ फोनवर इगतपुरीच्या कुसाबाई आल्या, त्या रडतच. "सकाळी डबा घिऊन रेल्वेत ड्युटीला गेला वं माझा सुनील! आईला न सांगता परदेशी गेला!" त्यांची समजूत घालेपर्यंत आणखी चौघे रांगेत होते. त्यातल्या एका बापाने गाव रद्द करा, पण उंची तेवढी राहू द्या, अशी हळूच विनंती केली.

मेळावा रविवारी होता. स्थळांच्या पुस्तकाची फाईल संध्याकाळी पाचला छापखान्यात जायची होती. अण्णा मटकन खुर्चीत बसले.

"रव्या, आता रं?"

"घाबरू नका अण्णा. आपली सगळी माहिती क्लाउडवर आहे. गेल्या सात दिवसांतल्या कुठल्याही मिनिटाला परत जाता येतं. आपण अकरा एकेचाळीसला जाऊ. चुकीच्या आधीचं सगळं जागच्या जागी सापडेल."

"आन त्याच्यानंतरचं?"

"ते पुसलं जाईल. झालंच नव्हतं असं समजायचं."

अण्णांच्या चेहऱ्यावर रंग परतला. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि तिथेच थांबली.

"आज शुक्रवार. राहुकाळ साडेदहा ते बारा. म्हंजे तुझं अकरा एकेचाळीस ऐन राहुकाळात! तरीच वाटोळं झालं. मागंच जायचं तर त्याच्याही आधी जा. दहा पंचवीसला."

रविराजचा चेहरा पांढरा पडला.

कारण अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर एक संदेश आला होता: एका स्थळाने आपल्याला पसंती दर्शवली आहे. रविराज चौतीस वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी त्याने मंडळात गुपचूप आपलं नाव घातलं होतं. गुपचूप अशासाठी, की मंडळात काम करणाऱ्याने मंडळातली मुलगी बघायची नाही, असा अण्णांचा कडक नियम होता. आधीचा ऑपरेटर सगळ्यात चांगलं स्थळ बाहेर दाखवण्याआधीच स्वतः पटकावून पसार झाला, तेव्हापासूनचा. अण्णा वेबसाइट कधी उघडत नसत, फक्त छापील पुस्तक वाचत. त्यामुळे दरवर्षी छापखान्यात फाईल पाठवण्याआधी रविराज स्वतःचं पान स्वतःच्या हाताने काढून टाकायचा.

चार वर्षांतली ही पहिली पसंती. मुलीचं नाव बघायचं तर लॉगिन करावं लागणार आणि अण्णा तर सकाळपासून मानेवर बसलेले. जेवणाच्या सुट्टीत निवांत बघू, म्हणून त्याने ते नाव खिशातल्या पेढ्यासारखं जपून ठेवलं होतं.

"अण्णा, अकरा एकेचाळीसच बरं पडेल. मधल्या नोंदी वाचतील."

"किती हायेत?"

"तीन नवी नावं. आणि... किरकोळ."

"तिघांना फोन लाव, परत भरा म्हणावं. किरकोळ जाऊ दे."

"पण अण्णा..."

"राहुकाळातलं काय ठिवायचं नाय!"

नंतर गुपचूप एकेचाळीस टाकू, असाही विचार रविराजने केला. पण अण्णांनी चष्मा लावला, खुर्ची जवळ ओढली आणि पडद्यावरचा आकडा बोट ठेवून वाचला. दहा. पंचवीस. रविराजने बटण दाबलं. कुठल्या तरी अनोळखी मुलीने आपल्याला हो म्हटलं आणि आपण आपल्याच बोटाने ते पुसलं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. काम दीड तास चाललं. तेवढा वेळ तो पडद्याकडे बघत बसला आणि डबा तसाच राहिला.

पावणेदोनला सगळे मुलगे परत आले. नाथाकाकांचा गोठ्यात, सुनील रेल्वेत. स्वराजही घोटीत परतला, तेव्हा त्याला पुन्हा जर्मनीला पाठवावं लागलं. या खेपेला रविराजने क्रमांक आधी लिहिला. अण्णा खूश होऊन म्हणाले, "बघ, वेळ चांगली धरली की असं असतं."

चार वाजता फोन वाजला.

"हॅलो, मी साक्षी बोलतेय, अंबडहून. कंपनीत चहाची सुट्टी आहे, दहाच मिनिटं. सकाळच्या सुट्टीत मी एका स्थळाला पसंती दिली होती. आता बघते तर गायब. त्यांनी नकार दिला का?"

रविराज फोनकडे वाकला. अण्णाच बोलले. "नकार नाय ताई. आमचा जरा घोळ झाला. तुमची पसंती राहुकाळातली व्हती, गेली ते बरंच झालं. सहानंतर वेळ चांगली हाय, पुन्हा द्या."

"पुन्हा?" पलीकडे मशीनचा आवाज येत राहिला. "काका, दोन महिने विचार करून आज एकदाची दाबली हो. पुन्हा दाबायची म्हणजे पुन्हा सगळा विचार आला. या वेळी आईपण विचार करणार."

रविराजने डोळे मिटून घेतले.

"बरं, स्थळाचा नंबर सांगा," अण्णा म्हणाले.

"नंबर नाही आठवत. फोटो आठवतो. मागे हिरवं लोखंडी कपाट, त्यावर तीन ढाली आणि कोपऱ्यात केरसुणी. बाकी सगळे गाडीला टेकून उभे असतात. याच्यामागे केरसुणी बघितली आणि वाटलं, हा माणूस थापा मारत नसेल."

अण्णांनी मान वर केली. समोर हिरवं लोखंडी कपाट होतं. त्यावर मंडळाला मिळालेल्या तीन ढाली होत्या. कोपऱ्यात केरसुणी होती. मग त्यांनी रविराजकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फोनला विचारलं, "उंची पाच फूट चार का हो, ताई?"

"हो, तेच! तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांनी फोनवर हात ठेवला. रविराज नोकरी गेल्यासारखा उभा राहिला.

"सकाळपासून अकरा एकेचाळीस, अकरा एकेचाळीस करत व्हता, ते ह्याच्यापायी?"

रविराजने मान हलवली.

"आन मी तुला मागं ढकलला." अण्णांनी खुर्ची पुन्हा पडद्याजवळ ओढली. "सात दिवसांतल्या कुठल्याबी मिनिटाला जाता येतं म्हनला व्हतास ना? जा मग तिथं."

"अण्णा, तो राहुकाळ..."

अण्णा उठले, कॅलेंडर काढलं आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"छापखान्याची फाईल पाचला जायचीय. परत दीड तास लागेल."

"थांबल छापखाना."

"काका, माझी सुट्टी संपली," फोनमधून आवाज आला. "मी आता काय करू?"

"काय करू नका ताई!" अण्णा ओरडले. "कशालाच हात लावू नका! आम्ही येतोच तुमच्याकडं मागं!"

रविराजने आकडा टाकला, तीनदा वाचला आणि बटणावर बोट नेऊन थांबला.

"अण्णा, स्वराज पुन्हा घोटीला येईल."

"यिऊ दे," अण्णा म्हणाले. "त्याला काय, रोजच जातंय ते जर्मनीला."