रागाचा आणि डोकेदुखीचा सहसंबंध

घरात तिला सगळे 'होऊ घातलेली डॉक्टर' म्हणत, आणि सहा वर्षं ती होऊ घातलेलीच होती. आज पाचच्या आत मार्गदर्शकांना आकडे दाखवून मुदतवाढीवर सही घेतली नाही, तर पीएचडीची नोंदणीच रद्द होणार होती. आणि नेमके आकडेच उलटले होते.

तिचं म्हणणं साधं होतं. रागावलं की डोकं दुखतं, आणि हा संबंध पुरुषांपेक्षा बायकांत घट्ट असतो, कारण बायका राग गिळतात. शंभर बायका आणि शंभर पुरुष, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. सॉफ्टवेअरने बायकांचा सहसंबंध काढला ०.६१ आणि पुरुषांचा ०.६२. फरक दखल घेण्याजोगा नाही, असंही वर सुनावलं. तिने चारदा तेच बटण दाबलं आणि पाचव्यांदा माउस आपटला.

मग तिने पुरुषांच्या प्रश्नावलीचे फॉर्मच उपसले. ते भरून आणायचं काम नवऱ्याने मोठ्या हौसेने अंगावर घेतलं होतं. सगळीकडे बायकी वळणाची अक्षरं. सतराव्या फॉर्मच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'राग यांचा. डोकं माझं.'

तिने नवऱ्याला फोन लावला. "हे फॉर्म कोणी भरले?"

"पुरुषांनीच. म्हणजे, घरी नेऊन भरून आणले. साठ प्रश्न कोण वाचत बसणार गं?"

"म्हणजे बायकांनी भरले."

"पण माहिती पुरुषांचीच आहे ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे ती जे बोलली, ते ऐकून शेजारच्या टेबलावरची बाई उठून चहाला गेली.

सगळं ऐकून मार्गदर्शकांनी तर तिला उभंच सोललं. दोन्ही गटांत बायकाच असतील तर तुलना होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं, म्हणाले. सही मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. "स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नाही, असले कसले पुरुष गोळा केलेत तुम्ही?"

तिचाही संयम सुटला. तिने गठ्ठ्यातला एक फॉर्म काढून त्यांच्यापुढे आदळला. "हा तुमचा, सर. आमच्या यांनी तुम्हालाही दिला होता."

सरांनी चष्मा लावला. शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'असल्या फालतू गोष्टींना वेळ नाही म्हणाले, म्हणून मी भरते आहे. डोकेदुखी रोजची.'

सरांनी फॉर्म पालथा घातला. मग त्यांनी मुदतवाढीचा अर्ज पुढे ओढला आणि सही केली. ती मात्र स्वतः केली.