चालताना गळणारी टाकी

दाऊदचाचा मासे पकडायला बसत तेव्हा त्यांच्या दोरीला गळ नसे. टोकाला खुबूस रोटीचा गोळा बांधायचा, वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यातल्या, डोहात सोडायचा आणि मासे तो खाऊन गेले की दोरी गुंडाळून उठायचं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "धरायचे कशाला, भटजी? हजेरी घेतो."

शाकाहार आणि जोशी हे आडनाव, एवढ्या भांडवलावर मी भटजी. साठच्या दशकात अबू धाबीकडे, अल ऐनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या कंपनीचा कॅम्प होता. मी तिथे क्लार्क आणि रत्नागिरीकडचे दाऊदचाचा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. सुरमईवर वाढलेला हा माणूस त्या बोटभर माशांना "आमची मंडळी" म्हणे. एकदा आमच्या वेल्डरने त्यातले चार तळायला म्हणून बादलीतून आणले. चाचांनी बादली परत डोहावर नेली आणि वेल्डरला डोहाची माफी मागायला लावली. "पाण्याला अदब पाहिजे," हे त्यांचं पेटंट वाक्य. वेल्डरच्या डोक्यावर टोपी नव्हती म्हणून माफी दोनदा झाली.

उन्हाळा लागला की टँकर पाऊणच भरून येई. "साब, टंकी लीक है," चाचा सांगत. वेल्डरने तीनदा टाकी तपासली. थेंब गळेल तर शपथ! चाचा शेजारी उभे राहून हळहळत, "चलती है तब लीक करती है. खडी रहे तो शरीफ है, साब."

शेवटी कॅम्पचे साहेब वैतागले. मला म्हणाले, "तू सोबत जा आणि रिपोर्ट दे. आणि हा चार वर्षांत सुट्टीवर गेलेला नाही. याच महिन्याच्या बोटीने त्याला घरी पाठव. दुसरा ड्रायव्हर लावू."

दुसऱ्या दिवशी मी टँकरमध्ये बसलो. विहिरीवर टाकी काठोकाठ भरली. परतताना चाचांनी डोहापाशी गाडी थांबवली, माझ्याकडे न बघता पाइप खाली सोडला आणि नळ उघडला. डोह आटून परातीएवढा उरला होता.

"इथे लीक होते होय?"

"पाऊस येईपर्यंतच, भटजी. इन्शाल्ला."

मी बोटीचं सांगितलं. त्यांचा हात नळावरच राहिला. "मी गेलो तर मंडळी खलास."

मी भडकलो. "अहो, घरी माणसं वाट बघत असतील! माशांचं काय घेऊन बसलात?"

"बीबी गेली, त्यालाच चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. घराला कुलूप. दार उघडलं तर आतून कोण येणार?" त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. मासे धावत आले आणि पायांना लुचू लागले. "इथं बघा. येतात."

मी गुपचूप पाइप धरला.

रिपोर्टात लिहिलं: 'टाकी चालताना गळते. तिची खोड फक्त दाऊदला कळते. पाऊस पडेपर्यंत त्याला सोडू नये.' साहेबांनी सही केली. उभ्या नोकरीत मी केलेला हा एकच खोटा रिपोर्ट, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

त्या उन्हाळ्यात अर्ध्या बादलीत अंघोळ करताना सगळा कॅम्प माझ्या नावाने बोटं मोडत होता. शुक्रवारी मी चाचांबरोबर हजेरीला जाई आणि पाण्यात पाय सोडून बसे. माझ्याकडे दोन-तीनच मासे येत.

"येतील हळूहळू," चाचा समजूत घालत. "तुम्हाला अजून कुठं ओळखतात?"