झोप कमवा लागते जी

टेंभरेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवर बसत नाहीत. उशी उचलतात आणि हुंगतात. "उनात नाही टाकली जी?" हा त्यांचा रामराम. फुलचूरच्या आमच्या कॉलनीत त्यांनी न हुंगलेली उशी उरलेली नाही. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या उशासुद्धा सुटल्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, अंगणात वांगी लावतात. यांनी गावाच्या झोपेचा ठेका घेतला. "झोप कमवा लागते जी!" हे त्यांचं पालुपद. म्हणजे काय, तर निजण्याआधी पाय धुवायचे, दिवे लवकर मालवायचे, मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायचा आणि दुपारनंतर चहा बंद. हे शेवटचं ते आमच्याकडे दुपारचा चहा पिता पिता सांगतात. सगळ्यात मोठा नियम, झोपायच्या खोलीत चिडीचूप. पंख्याची कुरकुरसुद्धा चालत नाही.

सांगायला राग येतो, पण मोबाइल डब्यात गेल्यापासून माझी सकाळची डोकेदुखी थांबली. हे मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही. आधीच ते काय कमी आगाऊ आहेत?

त्यांच्या घरी मात्र त्यांना हवी तशी शांतता आहे. टेंभरेवहिनी नातवाला सांभाळायला मुलीकडे रायपूरला गेल्या, त्याला वर्ष होत आलं. "मस्त आहे जी आता," भाऊ छाती फुगवून सांगतात, "पाल चुकचुकली तरी आयकू येते."

असे हे झोपेचे मास्तर रोज दुपारी, मी दुकान बंद करून जेवायला आलो की, "गादी पाहतो" म्हणून आमच्या दिवाणावर आडवे होतात. दिवाण माझा, वामकुक्षीची वेळ माझी. शेजारी बायकोची शिलाई मशीन खडखडत असते, ब्लाउज टाकायला आलेल्या बायांची गळ्यावरून वादावादी चाललेली असते, आणि हे महाशय त्या गलक्यात तोंड उघडं टाकून घोरतात. मी खुर्चीत डुलक्या खातो.

परवा मी ठरवलं, यांचा नियम यांनाच लावायचा. ते घोरू लागताच बायांना वाटेला लावलं, पंखा बंद केला, हातातला ब्लाउज होताच बायकोला मशीन थांबवायला सांगितलं.

भाऊ दचकून उठून बसले. चेहरा पार उतरलेला. "काऊन जी, मशीन काऊन बंद? वहिनी कुठं गेल्या? कोणी बोलून काऊन नाही राहिले?"

"तुमचाच नियम आहे जी. झोपा आता शांत."

"हो ना, बराबर आहे." ते उशीची खोळ सारखी करत बसले. मग हळूच म्हणाले, "घरी असंच रायते जी. डोळाच नाही लागत. घरवालीची भांडी वाजत होती, तेव्हा लागे."

मला कीव आली आणि संतापही आला. वर्षभर कॉलनीला झोप शिकवत हिंडला हा माणूस, आणि एवढं सांगायला तोंड नव्हतं!

"मशीन चालू कर," मी बायकोला म्हणालो.

"ब्लाउज झाला शिवून. आता काय शिवू?"

"काही नको शिवू. धागा काढून टाक अन् नुसती चालव."

तिनं एकदा भाऊंकडे पाहिलं आणि पायडलवर पाय ठेवला. मी भाजीत मीठ कमी होतं म्हणून भांडण काढलं. मीठ बरोबर होतं, पण तीही मागे हटली नाही. भाऊ पुन्हा घोरू लागले, तरी आम्ही भांडतच राहिलो.