देवरावभाऊंची वरणाची बादली

रोज सकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत वरण वाढलं जातं. पंगत नसते, पत्रावळी नसतात, वरणही नसतं. फक्त देवरावभाऊ असतात. डाव्या हातात पाण्यानं भरलेली बादली, उजव्या हातात वगराळं, अन् कंबरेत वाकलेले. प्रत्येक दारासमोर वगराळंभर पाणी ओतायचं, "वरण घ्या, वरण" म्हणायचं अन् पुढच्या दाराला सरकायचं. मारुतीच्या देवळापर्यंत एकदाही सरळ व्हायचं नाही. येताना दुसरी बाजू. शेवटच्या दाराशी बादली खाली ठेवून, हात जोडून, झोपलेल्या सगळ्या गल्लीला सांगायचं, "सावकाश होऊ द्या."

लोक व्यायामाला मैदानात जातात, हात हलवतात, उगाच हसतात. यांचा व्यायाम हा. बायका खूश, कारण सड्याचं काम परस्पर होतं. दुःख काय ते मलाच.

मी पन्नाशीचा माणूस. आदिलाबादेत झेरॉक्सचं दुकान चालवतो, दिवसभर स्टुलावर बसतो. गुडघे वाजतात, सकाळची एक गोळी आहे, रात्रीची एक आहे, अन् झोप लागते ती नेमकी पहाटे पाचला. त्यात माझा पेपर साडेपाचच्या आत दारात पडलेला असतो. गेली दोन वर्षं मी ओला पेपर वाचतोय. निधनवार्ता मधल्या पानावर असतात, तेवढ्या कोरड्या राहतात.

एकदा उन्हाळ्यात आमचा साळा मधुकर उटनूरहून आला. सरकारी नोकरीतला माणूस, इस्त्रीशिवाय बोलत नाही. उकडतं म्हणून दारासमोर बाज टाकून झोपला. देवरावभाऊंनी अंधारात चेहरा पाहिला नाही, दार मोजलं. वगराळं ओतलं. मधुकर धडपडून उठला तेव्हा भाऊ पुढच्या दाराशी पोचले होते, अन् तिथूनच म्हणाले, "लाजू नका पावने, अजून घ्या."

मधुकर ते अजून विसरलेला नाही.

तर देवरावभाऊ. वय एकोणसाठ. कापूस मार्केटजवळ दोरखंडाचं दुकान. मुलगी हैदराबादला दिलेली. वहिनी जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून घरी एकटेच. स्वतः कुकर लावतात अन् ओट्याशी उभे राहून, पातेल्यातूनच जेवतात. मी एकदा पाहिलं अन् विचारलं, "भाऊ, उभ्यानं काऊन जेवता?"

"उभ्यानं जेवलं का पोट सुटत नाई राजा. तुहं पाह्य."

मी माझं पाहिलं. पुढं विचारलं नाही.

त्यांचं खरं वैर खुर्चीशी. त्यातही लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्चीशी. "खुर्ची म्हंजे अर्धी तिरडीच राजा," असं ते म्हणतात. "फरक एवढाच, का हिले उचलाले चौघं लागत नाईत."

हे वैर समजायचं तर आमच्याकडची वाढपाची रीत समजली पाहिजे. पोरगं दहाचं झालं की त्याच्या हातात पाण्याचा जग देतात. मग मीठ-लिंबू. मिसरूड फुटली की भाजी, पुरी. अन् ज्याची कंबर, मनगट अन् डोकं तिन्ही जागेवर, त्यालाच वरणाची बादली. कारण वरण उकळतं असतं, बादली जड असते, अन् सांडलं तर पाहुण्याच्या मांडीवरच सांडतं. वरणवाला म्हणजे मानाचा माणूस. पुढं पन्नाशी उलटली की हातातलं सगळं काढून घेतात. मग नुसते हात जोडून 'सावकाश होऊ द्या' करत फिरायचं. त्यानंतर खुर्ची.

देवरावभाऊंनी तीस वर्षं वरण वाढलं, पन्नाशी उलटल्यावरही. थेंब सांडला नाही. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात बाविशीचा एक शूर मोबाईलवर पंगतीचं शूटिंग करत उलटा चालत आला अन् यांच्यावर आदळला. वरण नवरदेवाच्या काकांच्या पँटवर. चूक कोणाची ते सगळ्यांनी पाहिलं, पण बोलताना सगळ्यांनी भाऊंचे पांढरे केस पाहिले. "वय झालं आता," कोणीतरी म्हणालं. तेलुगू आचारी राजन्ना प्रेमानंच खुर्ची घेऊन आला अन् म्हणाला, "पेद्दायना, कूसोंडी." म्हणजे, बाबा, बसा.

त्या दिवसापासून भाऊ कुठंही जेवायला गेले की त्यांच्या आधी खुर्ची पोचते; ते बसत नाहीत, हातात दिलेलं भरलं ताट उभ्यानंच संपवतात. बादली कोणी देत नाही. अन् त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत पाण्याचं वरण सुरू झालं.

यंदा माझ्या शुभांगीचं लग्न ठरलं. पोरगा भैंसा गावचा. लग्न हॉलमध्ये, तिथं उभ्यानं बुफे. पण आदल्या दिवशी मांडवाचं जेवण घरीच, गल्लीत सतरंज्या अंथरून, पळसाच्या पत्रावळीवर. भाऊंना कळलं अन् भर दुपारी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकं आधार कार्ड धरून उभी. भाऊंनी मशीनसमोर वीस बैठका मारल्या.

"वाजला का गुडघा?"

"नाही भाऊ."

"वाजला असंन तं तुहा वाजला. आता आयक. तुह्या पोरीच्या मांडवात वरणाची बादली माही. दुसरं कायी मागत नाई."

मी हो म्हणालो. खरं सांगू, नाही म्हणायला ताकद लागते. माझ्याकडे दुपारनंतर ती उरत नाही.

संध्याकाळी मधुकर आला. त्याला कळलं. "भाऊजी, तुमी पागल झाले का? भैंशाचे पावने येऊन राह्यले. त्यायच्या अंगावर वरण सांडलं तं पोरीले जन्मभर आयका लागंन." बायकोही त्याच्या बाजूनं. त्यांनाही मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या दुकानी जाऊन सांगितलं की मांडवात तुम्ही फक्त बसायचं, मानानं.

"काऊन?"

"वय झालं न भाऊ आता."

हे मी म्हणालो. दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या म्हणून धापा टाकत उभा असलेला मी. भाऊंनी दोरीचं वेटोळं गुंडाळता गुंडाळता एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पेपर कोरडा. तिसऱ्याही. चार दिवस मी कोरडा पेपर वाचला अन् चारही दिवस मला लाज वाटली. गल्लीत धूळ उडायला लागली. बायकांनी मलाच विचारलं, भाऊ आजारी हायेत का. मी म्हणालो, माहीत नाही. पण लाज वाटणं वेगळं अन् जाऊन बोलणं वेगळं. लग्नाघरी बापाला वेळ कुठं असतो. असं मी स्वतःला सांगत राहिलो.

मांडवाचा दिवस उजाडला. स्वयंपाकाला राजन्नाच. भाऊ आले, कडक पांढरा सदरा घालून. मधुकरनं पुढं होऊन खुर्ची दिली. भाऊ बसले. मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. त्यांना खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं अन् ते एकदम म्हातारे दिसले.

वाढायला पुतण्यांची फौज होती. पंचविशीच्या आतली. दोन पंगतींत फौज दमली अन् कूलरसमोर जाऊन बसली. तिसरी पंगत भैंशाच्या पाहुण्यांची. भात वाढून झालेला, पाहुणे वरणाची वाट पाहत पत्रावळीकडे बघतायत. मी नवरीचा बाप. मीच उचलली बादली.

पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. कंबर म्हणाली, पुरे. पाचव्या पानाला मांडीत गोळा आला. आठव्या पानाशी मी वाकलो तो वाकलोच. पुढं सरकता येईना, सरळ होता येईना. बादलीतलं वरण काठाशी हिंदकळतंय, खाली व्याह्यांचं चकचकीत टक्कल. व्याही मान वर करून माझ्याकडे पाहतायत अन् हळूहळू मागं सरकतायत.

तेवढ्यात राजन्ना धावत आला. त्याच्या हातात खुर्ची होती. ती त्यानं माझ्यामागं टेकवली अन् प्रेमानंच म्हणाला, "पेद्दायना, कूसोंडी."

मला.

मी गल्लीच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. देवरावभाऊ खुर्चीच्या कडेवर आले होते, पण उठले नव्हते. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं. या."

भाऊ उठले. बाह्या वर केल्या, माझ्या हातातून बादली घेतली अन् व्याह्यांच्या पानावर वरण असं वाढलं की भाताचा एक दाणा हलला नाही. "वरण घ्या, वरण." एक दार, दुसरं दार, तिसरं. गल्ली त्यांच्या पायाखालचीच होती. पाहुण्यांच्या सोबतीला बसलेल्या मधुकरच्या पानाशी आले तेव्हा मधुकरनं डोकं मागं घेतलं. भाऊ म्हणाले, "भेऊ नका पावने, आज पानी नाई."

तिसरी पंगत झाली, चौथी, पाचवी. मारुतीच्या देवळापर्यंत अन् परत. शेवटी हात जोडून सावकाश होऊ द्या झालं. मी तोवर खुर्चीतच होतो. खुर्ची वाईट नसते, हे मी इथं कबूल करतो.

सगळ्यात शेवटी वाढप्यांची पंगत. पोरं आपापलं ताट घेऊन कूलरकडे पळाली. भाऊ एकटेच सतरंजीवर मांडी घालून बसले. मी कंबर धरून उठलो, बादली घेतली अन् त्यांच्यासमोर जमिनीवर बसून वाढायला लागलो. वाकणं शक्यच नव्हतं.

भात. वरण. लिंबाची फोड. त्यांनी मन लावून कालवलं. मी म्हणालो, "अजून घ्या भाऊ." त्यांनी घेतलं. "अजून थोडं." तेही घेतलं. मग त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला.

"पुरे," म्हणाले. अन् हात तसाच धरून राहिले.

"काय झालं भाऊ?"

"कायी नाई रे. पुरे म्हनून सात वर्षं झाले." मग म्हणाले, "पोटाचं तुले खोटं सांगतलं व्हतं. मांडी घालून बसलो का हात आपोआप आडवा होते. वाढनारं कोनी नाई. म्हनून उभाच जेवतो."

दोन वर्षं हा माणूस आमच्या प्रत्येक दाराशी वाकून वरण घ्या म्हणत होता, अन् मला फक्त पेपर ओला झालेला दिसत होता.

आमच्याकडे पहिलं 'पुरे' कोणी धरत नाही. वाढणाऱ्यानं ते ऐकायचंच नसतं. मी त्यांचा हात धरून बाजूला केला अन् अजून एक वगराळं वाढलं.