गोंदजी भोयाच्या गुडघ्याची हकीकत

श्री. जिच्या इच्छेने पाऊल उचलते आणि जिच्या इच्छेने भुईस टेकते, त्या डोंगरीच्या देवीस नमन करून लिहिले ऐसे की, शके सोळाशे एक्क्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरी, आमच्या राज्यात बाईसाहेब कारभार पाहात होत्या आणि राज्य लहान असले तरी सुखी होते. त्या समयी पालखीच्या पुढल्या खांद्याचा मान गोंदजी भोई याच्या घराण्याकडे होता. मागल्या भोयांस वाट दिसत नाही, पुढला जे पुकारील तेच त्यांचे डोळे. म्हणून पुढला खांदा म्हणजे भोयांत सरदारकीच. गोंदजी गुडघे किंचित वाकवून असा चाले की पालखीत पाण्याचा तांब्या ठेवला तरी हिंदकळू नये. आम्ही चवरी घेऊन बगलेस चालत असू, म्हणून त्याचा पुकारा अद्याप कानात आहे. तो म्हणे, "डावी गोटा! उजवी निसरडं!" आणि मागून बाळोजी भोई उत्तर देई, "गोटा तू बघ रे बाबा, आमच्या नशिबी तुझी पाठच बघत म्हातारं व्हायचं!" आणि बाईसाहेब पडद्याआड हसत. तसे हसणे मग त्या राज्यात राहिले नाही.

त्या साली श्रावणमासी बाईसाहेब देवीची ओटी भरून गडाच्या पायऱ्या उतरत होत्या. ओटी भरून निघालेली पालखी वाड्याच्या दारापावेतो भुईस टेकवू नये, ऐसा आमच्याकडे नेम होता. तो खालून बाईसाहेबांच्या वन्स, शेजारील राज्याच्या राणीसाहेब, दर्शनास चढून येत होत्या आणि त्यांची पालखी डाव्या अंगास आली. कारभारी राघोपंत मागून ओरडले, "अरे, वन्संना बगल दाखवता काय? पालखी फिरवा, सामोरी करा!" पायऱ्यांवर पालखी फिरवण्याची रीत अशी की पुढल्याने आधी पाऊल उचलून नव्या जागी ठेवावे आणि मग अंग वळवावे. गोंदजीचे उजवे पाऊल तेव्हा दोन चिऱ्यांच्या फटीत रुतले होते. पंतांचा आवाज ऐकून तो पाऊल न उचलताच वळला, आणि पाऊल तेथेच राहिले आणि अंग फिरले आणि वरून पालखीचा भार आला, आणि गुडघ्यात कडकन आवाज जाहला तो आम्ही आमच्या कानांनी ऐकिला. तरी त्याने खांदा सोडिला नाही. बाळोजीने पुढे येऊन दांडीखाली खांदा घातला तेव्हाच तो बाजूस सरला आणि पायरीवर बसला, आणि दिवे लागायच्या आत गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

मग हैबती हाडवैद्यास बोलाविले. त्याने दोन्ही हातांनी नडगी धरून अलगद पुढे ओढली तो ती पुढे सरकली. राघोपंत बोलिले, "मोडले काय?"

"हाड मोडलं असतं तर बरं होतं पंत, हाड जुळतं," हैबती बोलिला. "खांदा हा उनाड सरदार. चहूकडे फिरतो म्हणून जागा सोडतो, पण धरून बसवला की बसतो. खुबा खोल वाटीत बसलेला, तो गडकरी, सहसा ढळत नाही. गुडघ्याला ना वाटी ना तटबंदी. दोन लांब हाडं एकावर एक ठेवली, मधे चंद्रकोरीसारख्या दोन मऊ गाद्या दिल्या, आणि आतून-बाहेरून दोरांनी बांधलं, एवढाच त्याचा बंदोबस्त. दाराच्या बिजागरीसारखं वाकावं आणि सरळ व्हावं, हे त्याचं काम. वळायची मुभा अगदी थोडी. पाऊल अडकलं आणि अंग वळलं की दोर तुटतो. याचा आतला दोर गेला."

गोंदजी बोलिला, "वैद्यबाबा, दसऱ्याला मी उभा राहीन का?"

"होळीपर्यंत ओझं नको. आणि ऐक, सूज उतरेल, दुखणं जाईल, तू चालशील. त्यावर विश्वास ठेवू नको."

परंतु आमच्या राज्याचा रिवाज असा की सीमोल्लंघनास ज्या घराण्याचा पुढला खांदा रिकामा राहील, त्याचा मान दुसऱ्या घरी जावा. भोयांत कुजबुज सुरू जाहली. ती बाईसाहेबांच्या कानी गेली आणि त्यांस फार वाईट वाटले, आणि त्या भर सदरेत मोठ्या मायेने बोलिल्या, "गोंदजीवाचून आम्ही दसऱ्यास पालखीत बसणार नाही." सदरेने वाहवा केली. गोंदजीची बायको ठकू तेवढी दाराशी उभी राहून रडत होती. घरी जाऊन ती म्हणाली, "त्यांना सांगा की पाय बरा नाही. त्या काय वाघ आहेत?"

"वाघ असत्या तर सांगितलं असतं गं," गोंदजी म्हणाला. "त्यांनी माझं नाव घेतलं. आता नाही कसं म्हणू?"

नवरात्र आले तो सूज उतरली होती आणि तो सरळ चालू लागला होता. बाईसाहेबांनी त्यास चौकात बोलाविले आणि विचारिले, "खरं सांग, पाय बरा आहे ना?" गोंदजी चौकात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, उकिडवा बसला, उठला, आणि रिकाम्या पालखीची दांडी खांद्यावर घेऊन उभा राहिला. सर्वांस समाधान जाहले. हैबती त्या दिवसांत परगावी घोड्यावरून पडलेल्या एका शिलेदाराकडे गेला होता. पुष्कळ शहाणी माणसे त्या चौकात होती, परंतु त्यास वळून दाखव म्हणणारा एकही निघाला नाही.

मग दसऱ्याचे दिवशी पालखी निघाली. वाड्यापासून वेशीपर्यंत रस्ता सरळ, आणि गोंदजी पूर्वीसारखाच चालला आणि पुकारला, आणि बाळोजी मागून बोलिला, "आली रे आली, ती पाठ पुन्हा आली!" आणि लोक हसले. वेशीबाहेर आपट्याचे झाड आहे, त्यास पालखीसकट प्रदक्षिणा घालावी लागते. तेथे गोंदजी वळला मात्र, आणि गुडघा आतून घसरला आणि तो एकदम खाली बसला, आणि पालखी कलंडली आणि बाईसाहेब हातावर पडल्या. पंत धावले, भोई धावले. बाईसाहेब धुळीत बसून एकच म्हणत होत्या, "आधी त्याला बघा."

परगावाहून परतलेल्या हैबतीने बाईसाहेबांचे मनगट ओढून बसविले आणि कामट्या बांधिल्या, आणि मार्गशीर्षात त्या हाताने देवीस हळदकुंकू वाहू लागल्या. गोंदजीच्या गुडघ्यातील गादी मात्र फाटून दोन हाडांत अडकली. पाय ना पुरता वाके ना पुरता सरळ होई, अर्धा वाकला तो तसाच राहिला. हैबतीने लेप दिले, शेक दिले आणि शेवटी हात जोडिले. पुढला खांदा बाळोजीकडे गेला. तो मानाचा शेला घेऊन गोंदजीच्या दारी आला आणि उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडला. गोंदजी म्हणाला, "रडतोस काय गाढवा? आता तरी पुढचं बघ."

पुढे संक्रांतीनंतर बाईसाहेब स्वतः पायी त्याच्या घरी गेल्या. ठकूने घोंगडी अंथरली. मग बाईसाहेब म्हणाल्या, "आम्ही सदरेत तुझं नाव घेतलं नसतं तर तुझा पाय राहिला असता."

"पाय राहिला असता, बाईसाहेब," गोंदजी म्हणाला. "पण तुम्ही नाव घेतलं त्या रात्री मी जेवलोसुद्धा नाही, इतकं पोट भरलं होतं."

हे ऐकून ठकू तडकली आणि म्हणाली, "तुमचं पोट भरलं. त्यांचं मन राहिलं. आणि हा पाय मी उचलते सकाळ-संध्याकाळ." बाईसाहेबांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून त्या पालखीत बसल्या नाहीत. परंतु त्यायोगे भोयांची चाकरीच गेली, आणि एकेक घर राज्य सोडून निघाले, आणि बाळोजीही गेला. मायेने केलेली दुसरी गोष्टही अशी पहिलीसारखीच जाहली.

गोंदजी त्यानंतर बरीच वर्षे जगला. एका माघात तो वारला तेव्हा तिरडी बांधिली, आणि वर वस्त्र घातले तो उजवा गुडघा वस्त्राखाली उभाच राहिला, जणू चढण चढतो आहे. राज्यात भोई उरले नव्हते, म्हणून शेतकरी आणि तेली खांदा देण्यास आले होते. एकजण म्हणाला, "पाय दाबून बांधावा लागेल, असं बरं दिसत नाही." त्याने दोरी काढिली. ठकूने ती त्याच्या हातून घेतली आणि म्हणाली, "नको. लई जणांनी तो पाय सरळ करायला बघितलं. आता राहू द्या." मग तसेच नेले. उचलणाऱ्यांस सवय नव्हती, तिरडी फार हलत होती.

सारांश, गोंदजी भोई पालखी न टाकणारा होता आणि बाईसाहेब माया न टाकणाऱ्या होत्या. दोघांत लबाड कोणी नव्हते. तरी एक पाय गेला आणि एक राज्य पायी झाले. आम्ही पाहिले तैसे लिहिले.