द्वारकाआत्या हत्तीबागेत

द्वारकाआत्याच्या घरी पाणी लगेच मिळत नाही. पाहुणा ओसरीवर टेकला की ती तांब्या घेऊन बाहेर येते, समोर उभी राहते आणि तांब्या हातातच धरून ठेवते. "काम आंधी सांग, पानी मंग." उन्हातून आलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडलेली असते, त्यामुळे तो आढेवेढे न घेता खरं काय ते सांगून टाकतो, असा तिचा अनुभव आहे. पोलिसांना ही युक्ती अजून कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटतं.

लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांचीही यातून सुटका नाही. आत्या पत्रिका मागून-पुढून पाहते, उजेडात धरते आणि विचारते, "हे झालं. अजून काय?" अजून काही नसतं. ते बिचारे कसेबसे घोटभर पाणी पिऊन निघतात. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत आत्या दारात उभी. माणूस खरं काम शेवटी सांगतो, कधीकधी तर अर्ध्या वाटेतून परत येऊन सांगतो, असं तिचं म्हणणं आहे.

ही माझ्या वडिलांची एकुलती बहीण. अमडापूरला एकटी राहते. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आतोबांच्या चपला मात्र अजून दाराबाहेर असतात. घरात पुरुषमाणूस आहे असं चोराला वाटावं म्हणून ती त्या रोज वेगवेगळ्या जागी ठेवते. "एकाच जागी राह्यल्या तं चोट्याले समजत नाई का?" एखाद्या दिवशी एक चप्पल मुद्दाम उलटी टाकते, कारण आतोबा तशीच टाकायचे.

बाजारात तर तिच्यासोबत जाऊच नये. चकचकीत वांगी दिसली की ती नाक मुरडते आणि किडकी तेवढी निवडून घेते. अळीनं तोंड लावलं म्हणजे अळीनं तपासलं. अळी जे खात नाही ते आपण काऊन खावं, असं ती भाजीवाल्यालाच विचारते. गावात एकदा मोफत तपासणीचं शिबिर लागलं होतं, तेव्हा फुकट तपासतात म्हणजे हळूच काय काढून घेतात, याची चौकशी करायला ती सगळ्यात आधी गेली आणि न तपासताच परत आली.

तर अशी ही आत्या गेल्या दिवाळीनंतर न्हाणीत घसरून पडली. शेजारीण ताक मागायला आली तोवर तिथंच पडून होती. हाड मोडलं नाही, पण आमची झोप उडाली. मी बुलढाण्याला कॉलेजात भूगोल शिकवतो. घरात मी, माझी बायको शुभा आणि तिसरीतली सई. एक खोली रिकामीच असते. आत्यानं आमच्याकडं राहायला यावं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. ठरवायला काय जातं? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न होता. आपल्या घरावर यांचा डोळा आहे असं तिनं एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी तिचा नकार फिरणार नाही, आणि ती पुन्हा न्हाणीत पडली तर शेजारणीला दर वेळी ताक हवं असेलच असं नाही.

मार्ग शुभानं काढला. आत्याबाईंना एक दिवस छान फिरवू, खाऊपिऊ घालू आणि त्या खुशीत असल्या की हळूच विचारू, असं ती म्हणाली. चिखलीहून देऊळगाव राजाकडं जाताना रस्त्याला लागून एक प्राण्यांचा पार्क निघाला आहे. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, पण दारात सिमेंटचा हत्ती बसवल्यामुळे सगळे त्याला हत्तीबाग म्हणतात. आत खोटे प्राणी पुष्कळ, खरे थोडे आणि पाळणे वगैरे. सई महिनाभर त्याच्यासाठी मागं लागली होती.

मी फोन केला. "आत्या, रविवारी फिराले चाल आमच्यासंगं."

पलीकडून आवाज आला, "कोन मेलं?"

कोणी मेलं नाही, सईला तू पाहिजेस, असं सांगून मी घाईनं फोन ठेवला.

रविवारी आम्ही अमडापूरला पोचलो तर आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, दाराला कुलूप लावून, भाकरीचं गाठोडं घेऊन ओट्यावर बसलेली. केव्हापासून बसली होती कोण जाणे. गाडीत बसता बसता तिनं जाहीर केलं की ती फिरायला वगैरे येत नसून आमचं नेमकं काय चाललंय ते पाहायला येते आहे. मी म्हटलं चला, दिवसाची सुरुवात तरी झाली. चिखली यायच्या आत मी घसा साफ करून म्हणालो, "आत्या, तुले एक सांगाचं व्हतं." ती म्हणाली, "पुढं पाह्य अन् गाडी चालव."

शेजारी बसलेल्या शुभानं मला डोळ्यांनी दटावलं, एवढी घाई कशाला म्हणून. तेवढ्यात आत्यानं पुढं वाकून तिच्याच कानाशी विचारलं, "विन्यानं वावर इकाले काढलं का?" विन्या म्हणजे मी, आणि वावर म्हणजे आमचं शेत. शुभा काही बोलणार तोच आत्याचा हात वर. "सांगू नको. मले माईत हाये." पाच मिनिटांनी पुन्हा. माझी बदली झाली का? मी कुणाला जामीन राहिलो का? शुभाला नोकरी लागली म्हणून सईला सांभाळायला कोणी पाहिजे का? प्रश्न विचारायची आणि उत्तर द्यायच्या आत हात वर करायची. संशय घ्यायचा पण निरसन होऊ द्यायचं नाही, हा प्रकार मला नवीन होता. घरी पाण्यासाठी माणसाला ताटकळत ठेवून काम वदवून घेणारी बाई आज कामाचं नावही काढू देत नव्हती.

हत्तीबागेच्या दारात मनगटावर कागदी पट्टी बांधतात. आत्यानं हात पदराखाली लपवला. गुरांना कानात बिल्ला मारतात आणि मग त्यांना कुठं नेतात ते तिला ठाऊक होतं. शेवटी सईनं आत्याची पट्टी आपल्याच दुसऱ्या हातात बांधून घेतली आणि दारावरच्या माणसानं डोळे मिटून घेतले.

आत वाघ होता. पाऊल टाकलं की तो मान हलवून डरकाळी फोडायचा. लहान मुलं किंचाळत पळत होती. आत्या थेट त्याच्यापाशी गेली आणि दार वाजवावं तसं तिनं त्याच्या बरगडीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. "पोकळ हाये." मग सिंह पोकळ निघाला. जिराफ पोकळ निघाला. गेंडा ठोकल्यावर थोडा भरीव वाटला म्हणून तिनं त्याला दोन्ही बाजूंनी ठोकलं. तिच्यामागं आणखी चार-पाच बायका ठोकत यायला लागल्या. इतक्यात झाडाखाली डोळे मिटून बसलेला उंट दिसला. आत्यानं सवयीनं त्याच्याही पोटावर ठोकलं. उंटानं डोळे उघडले, मान वळवली आणि घशातून असा काही आवाज काढला की आत्या तीन पावलं मागं येऊन शुभाच्या पायावर पडली. तो उंट खरा होता.

"मले माईत व्हतं," आत्या लुगडं झटकत म्हणाली.

दुपारी झाडाखाली गाठोडं सुटलं. तिथल्या हॉटेलच्या तेलाचा रंग तिला पटला नव्हता, त्यामुळे आम्ही भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. भाजी उत्तम होती, वांगी कोणती असतील त्याचा मी विचार केला नाही. पोटं भरली. आत्यानं तांब्याभर पाणी पिऊन समाधानानं ढेकर दिली. शुभानं मला खूण केली. मी तोंड उघडलं तर आत्या उठलीच. "थो मोर राह्यला पाह्याचा." मोर सकाळी पाहिला होता. पोकळ होता. पण निघाली.

मग दुपारभर हेच. पाठीवर माणसं बसवून गोल फिरणारे आणि वर-खाली होणारे हत्ती होते. आत्याला ते आधी मान्यच नव्हते. फिरून जागेवरच यायचं तर गेलं काऊन, असा तिचा सवाल. सईनं ओढून तिला हत्तीवर बसवलं. पहिल्या फेरीत तिनं डोळे मिटून हत्तीचे कान धरले होते. दुसऱ्या फेरीत डोळे उघडले. तिसऱ्या फेरीत तिनं एक हात सोडून आम्हाला हलवून दाखवला, आणि ती संपून सई उतरली तरी आत्या चौथ्या फेरीसाठी बसूनच राहिली. मी कुंपणाशी तयारच होतो. ती खाली आली की विचारायचं. ती खाली आली आणि मला पाहून म्हणाली, "पोरीले बदक दाखवून आणतो आम्ही," आणि सईचा हात धरून माझ्यासमोरून निघून गेली.

खरं सांगतो, मला राग आला. एवढं आपण मायेनं न्यावं आणि या बाईनं दिवसभर आपल्याकडं चोरासारखं पाहावं. विचारूच नये, घरी सोडून यावं आणि पडू द्यावं न्हाणीत, असंही एकदा मनात येऊन गेलं. शुभाला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, तुमचा चेहराच तसा होतोय, सावकाराच्या कारकुनासारखा. शेवटी संध्याकाळी शिट्ट्या वाजवून लोकांना बाहेर काढायला लागले तेव्हा सगळ्यात मागं रेंगाळणारी आत्याच होती.

परतीच्या वाटेवर सई आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी मनाशी वाक्य जुळवत होतो, तोच मागून आवाज आला.

"विन्या, सांग आता. कुठं सही कराची हाये?"

कसली सही, मी विचारलं.

"वावराची नसन तं घराची असन. घाबरू नको बे, मी काई भांडनार नाई. लई चांगलं फिरवलं तुमी मले."

आमच्याकडं बाप गेला की बहिणी शेतातला आपला वाटा भावाच्या नावे सोडून देतात. हक्कसोड म्हणतात त्याला. आत्यानंही बाबांना लिहून दिली होती. हे मला माहीत होतं आणि त्याचा मी कधी दोन मिनिटंही विचार केला नव्हता. सगळ्याच बहिणी देतात. ती कशी दिली ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिच्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. एके सकाळी बाबा अचानक अमडापूरला आले आणि म्हणाले, चल, देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घडवतो. तोवर बाबांनी तिला कुठं म्हणून नेलं नव्हतं. बसमध्ये खिडकीची जागा दिली. दर्शन झालं, बांगड्या भरल्या, जिलबी खाल्ली. बाबा मधूनमधून म्हणायचे, द्वारके, एक सांगायचं होतं. ती म्हणायची, दादा, थे दुकान राह्यलं पाह्याचं.

"बसमधी बसली तवाच समजलं व्हतं मले," आत्या म्हणाली. "भाऊ उगाच नेते का कुठं? पन त्यानं काम सांगतलं असतं तं फिरनं तेथंच संपलं असतं. म्हून मी त्याले बोलूच देल्लं नाई. शेवटी कचेरी बंद व्हाची वेळ झाली. घामाघूम झाला व्हता बिचारा. मंग मीच म्हटलं, चाल दादा, कुठं सही कराची हाये ते दाखव."

येताना बसमध्ये बाबा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पोटात दुखतंय, एवढंच म्हणाले. आत्याला अजूनही वाटतं की ती जिलबी त्यांना बाधली असावी.

शुभा खिडकीबाहेर पाहत होती. दिवसभर ही बाई आमच्यावर संशय घेते आहे, असं मी धरून चाललो होतो. संशय होताच, पण तो तिनं सकाळीच गाठोड्यात बांधून बाजूला ठेवला होता. उरलेला दिवस ती फक्त लांबवत होती. मला बाबांचा राग आला, स्वतःचाही आला, आणि गाडी चालवत असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

मग मी सांगून टाकलं. सही नाही, वावर नाही, घर तुझंच राहू दे. तू आमच्याकडं राहायला ये, एवढंच काम होतं.

"एवढंच?"

"एवढंच."

ती पुढं वाकली. "अन् मी नाई म्हटलं तं पुन्हा इचाराले नेशीन का कुठं?"

"हो म्हटलं तरी नेईन, आत्या."

आरशात मला तिचे डोळे बारीक झालेले दिसले. "काऊन?"

मी आरशातली नजर काढून रस्त्याकडं लावली आणि म्हणालो, "तू आवडते आम्हाले." एवढ्या वर्षांत हे तिला मी कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर माझेच कान गरम झाले. सईच्या तोंडावर आलेले केस आत्या मागं सारत राहिली.

चिखलीत अमडापूरचा फाटा आला. मी गाडी हळू केली, हात दाखवला आणि वळायला लागलो.

"इकडं काऊन वळून राह्यला?" आत्यानं विचारलं.

"तुह्या घरी."

"लेकरू झोपलं ना माह्या मांडीवर. उठवू का आता तिले? सरळ बुलढान्याले घे." आणि थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "चार दिवसासाठी येऊन राह्यली, बाकीचं मंग पाहू. अन् सावकाश चालव. घाई काय हाये तुले?"

मी गाडी सावकाश घेतली. बुलढाणा येईपर्यंत दोन ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेले.