लंगड्या मेंढीतल्या बावीस पाट्या

“बाबा, समोर काहीही येऊ दे. ‘छान आहे’ म्हणायचं आणि गुपचूप जेवायचं!”

हेझेलचं हे वाक्य क्लिफर्ड बर्केटच्या कानात शनिवारपासून घुमत होतं. लेकीनं ते फोनवर तीनदा सांगितलं होतं, आणि रविवारी उपासना संपल्यावर चॅपेलच्या दारात पुन्हा एकदा, बोट रोखून.

“अगं, चाळीस वर्षं छपरांवर चढतोय मी!” क्लिफर्ड छाती पुढे काढून म्हणाला. “एकदा तरी पाय घसरलाय का? मग जिभेचं काय घेऊन बसलीस!”

तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस छपरावरून कधी पडला नव्हता, हे त्याच्या बायकोला, नोरीनला, मान्य होतं. त्याचे सगळे अपघात जमिनीवरचे होते. तिनं मनातल्या मनात एक छोटीशी प्रार्थना केली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या दिवशीच्या जेवणावर बरंच काही अवलंबून होतं. तीन आठवड्यांनी हेझेलचं टोबीशी लग्न होतं. जिथे तिचा बाप्तिस्मा झाला, त्याच डोंगरकुशीतल्या चॅपेलमध्ये लग्न व्हावं, एवढंच तिचं मागणं. पण फेब्रुवारीच्या वादळात चॅपेलच्या छपराच्या दगडी पाट्या उडाल्या होत्या, आणि भोक पडलं होतं नेमकं वधूवर उभे राहतात तिथे! तिथे आता बादली होती. धर्मोपदेशक प्रवचन देत आणि बादली मध्येमध्ये ‘टप्प’ असं म्हणून दुजोरा देई.

क्लिफर्डनं ते काम दोन दिवसांत केलं असतं. अडलं होतं पाट्यांवर. जाड, हिरवट करड्या अंगाच्या त्या पाट्या गावामागच्या खाणीतल्या. ती खाण हेझेलच्या जन्माआधीच बंद पडलेली. हल्लीच्या परदेशी पाट्या म्हणजे बिस्किटं! शेजारी बसवल्या तर जुन्या पाट्यांनाच लाज वाटली असती. बावीस पाट्या हव्या होत्या. क्लिफर्डनं दोन खोरी पालथी घातली, पण एकही मिळाली नाही.

इकडे टोबीच्या आई, मिसेस विन्स्टनली, चॅपेल बघून गेल्या होत्या. “किती गोड आहे!” त्या म्हणाल्या होत्या. “बादलीसुद्धा.” आणि जाता जाता, “मी आपलं हॉटेलच्या हॉलचं बोलून ठेवलंय हं. नुसतं असावं म्हणून.” त्या हॉलचं पक्कं करायचं की सोडून द्यायचं, हे या जेवणात ठरायचं होतं.

जागा टोबीनं निवडली होती. ‘लंगडी मेंढी’ नावाचा गावाबाहेरचा पब. पूर्वी तिथे मेंढपाळ चिखलाच्या बुटांनी येत आणि ताटभर मांस-बटाटे खाऊन जात. आता लंडनहून आलेल्या पियर्स नावाच्या तरुणानं तो विकत घेतला होता. बारीक दाढी, गळ्यात चामड्याचा ॲप्रन, घोड्याला नाल ठोकायला निघाल्यासारखा. आणि त्यानं ताटं बंद केली होती!

पाव आला तो माणसाच्या टोपीत. नोरीननं आधी टोपीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याच्या डोक्याकडे. बटाट्याचे तळलेले काप फुलझाडाच्या कुंडीत होते. सूप पाणी घालायच्या झारीत होतं. ते कपात ओतताना टोबीनं टेबलावरच्या खऱ्या फुलांनाही थोडं पाजलं.

नोरीननं डोळे मिटून हात जोडले. जेवणाआधी आभार मानल्याशिवाय तिनं आयुष्यात घास घेतला नव्हता. “प्रभू, जे वाढलं आहेस त्याबद्दल तुझे आभार.” मग तिनं एक डोळा किलकिला केला. “आणि ज्यात वाढलं आहेस, त्याबद्दलही.”

“सगळं ठीक आहे ना?” वाढणारी मुलगी विचारून गेली.

“छान! फारच छान!” पाचही जण एका सुरात म्हणाले. मिसेस विन्स्टनलींनी बाहीवरचं सूप टेबलाखाली पुसलं. पबमधल्या प्रत्येक टेबलावर हेच चाललं होतं. माणसं जेवणाशी झुंजत होती आणि विचारलं की हसून ‘छान’ म्हणत होती. आमच्या डोंगरातली माणसं घर जळत असलं तरी दाराशी आलेल्याला ‘छान चाललंय’ असंच सांगतील!

मग आलं मुख्य जेवण: कोकराचं भाजलेलं मांस, बटाटे, मटार, पुदिन्याची चटणी, वर ग्रेव्ही. क्लिफर्डनं सुरी उचलली आणि तो थबकला. त्याची ग्रेव्ही मधल्या एका भोकातून थेंब थेंब टेबलक्लॉथवर गळत होती.

खिळ्याचं भोक! त्यानं काट्यानं बटाटा बाजूला सारला. खाली हिरवट करडा दगड. कडा छिन्नीनं हातानं तासलेल्या. जाडी अंगठ्याएवढी.

“नोरीन,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ही आपल्या खाणीतली आहे!”

“क्लिफर्ड, जेव.”

“अगं, सगळ्यांच्या पुढ्यात आहेत! पाच आपल्या. शेकोटीपाशी चार. त्या खिडकीत सहा…”

“काही झालं का, मिस्टर बर्केट?” मिसेस विन्स्टनलींनी विचारलं.

“छान आहे,” क्लिफर्ड ठरल्याप्रमाणे म्हणाला.

आता छपराची पाटी नुसती बघून कळत नाही, बरं का. ती बोटांच्या टोकांवर तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं वाजवायची. ‘ठण्ण’ म्हणाली तर शंभर वर्षं निर्धास्त. ‘थप्प’ म्हणाली तर आतून तडकलेली. क्लिफर्डच्या हातांना हे सांगावं लागत नसे. त्यानं आपली पाटी मांसासकट उचलली आणि कानाशी धरून वाजवली.

ठण्ण!

त्याचे डोळे चमकले. तो समोर वाकला. “विहीणबाई, माफ करा हं, जरा…” ठण्ण! “वा! तुमची अगदी खणखणीत आहे.”

“आभारी आहे,” मिसेस विन्स्टनली म्हणाल्या. आपली स्तुती झाली की काय झालं, हे त्यांना ठरवता येईना.

“बाबा!” हेझेल दातांवर दात ठेवून कुजबुजली.

“हात धुऊन आलो,” असं म्हणून क्लिफर्ड उठला, आणि थेट शेकोटीच्या टेबलाशी गेला.

तिथे एक निवृत्त मेजर बसले होते. क्लिफर्डनं बोटानं खूण करताच त्यांनी काहीही न विचारता आपलं यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे मांसासोबतचा तो फुगीर वडा, उचलून हवेत धरलं. ठण्ण. “आभारी आहे.” “आनंद झाला.” शेजारच्या बाईंच्या पाटीनं मात्र ‘थप्प’ केलं.

“तुमची तडकलीय, बाई.”

“अरे देवा! सॉरी हं,” त्या बिचाऱ्या म्हणाल्या. “मी बसले तेव्हापासूनच असेल का?”

क्लिफर्ड टेबलामागून टेबल घेत होता. वाजवायचा, कान द्यायचा, कागदी रुमालावर रेघ मारायचा. एकानंही ‘तू कोण?’ म्हणून विचारलं नाही. वाढणारी मुलगी मात्र धावत स्वयंपाकघरात गेली.

“पियर्स! बाहेर एक माणूस सगळ्यांच्या पाट्या वाजवून बघतोय, आणि टिपून घेतोय!”

पियर्सच्या हातातला झारा खाली पडला. खाणावळींना दर्जा देणाऱ्या गाइडबुकचा परीक्षक नाव न सांगता या महिन्यात येणार, अशी कुणकुण त्याला लागलेली होती. साधा कोट, जाड बोटं, अगदी शेतकऱ्यासारखं सोंग! हाच तो!

तो दारातच क्लिफर्डपुढे झुकला. “सर! आमच्या पाट्या कशा वाटल्या?”

“पहिल्या दर्जाच्या!” क्लिफर्ड मनापासून म्हणाला. “कुठून आणल्या?”

“पलीकडच्या खोऱ्यात एक पडका गोठा होता सर, त्याच्या छपरावरच्या. चाळीस आहेत.”

“मला सगळ्या बघायच्यात. खालच्या बाजूनंसुद्धा.”

पियर्सनं भरलेल्या टेबलांकडे पाहिलं. “आत्ता?”

“आत्ताच बघितलेलं बरं. हे सगळं वर असलं की आवाज नीट येत नाही.”

परीक्षक म्हणतो म्हटल्यावर काय! पियर्स स्वतः टेबलांवर तुटून पडला. “माफ करा, एक क्षण, माफ करा!” असं म्हणत तो लोकांच्या पुढ्यातल्या पाट्या काढू लागला. कुणी कोकराचा तुकडा रुमालात धरून बसलं, कुणी बटाटे खिशात टाकले. मेजरसाहेब दोन्ही हातांत दोन पुडिंगं घेऊन शांतपणे भिंतीकडे बघत राहिले. हेझेलनं तोंडावर टोपी ओढली, पावाची. आणि परीक्षकांच्या टेबलावर खास भेट म्हणून कोळशाचं फावडं भरून गरम केक आणि कस्टर्ड आलं.

फावडं टेकवायला जागा हवी म्हणून पियर्सनं घाईनं मिसेस विन्स्टनलींची पाटी उचलली. एका बाजूनं.

पाटीला काठ नसतो. सगळी ग्रेव्ही, मटारासकट, त्यांच्या दुधी रंगाच्या स्कर्टवर!

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एक मटार मात्र पडला आणि घरंगळत शेकोटीपर्यंत गेला. वाढणारी मुलगी इतकी गोंधळली की सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “सगळं ठीक आहे ना?”

मिसेस विन्स्टनलींनी ‘छान’ म्हणायला तोंड उघडलं. ओठ तसे झालेही होते.

“नाही!” त्या ओरडल्या. “नाही, नाही आणि नाही! मला ताट हवंय! साधं, गोल, काठ असलेलं ताट! दगडावर सुरी घासली की माझ्या दाढा कळवळतात! मी मघापासून मटाराचा पाठलाग करतेय!”

तसे मेजर दोन्ही पुडिंगांसह उभे राहिले. “मलाही ताट!”

“मलाही! माझे काप मातीच्या चवीचे आहेत!”

“या टोपीत केस आहे!”

पियर्स खुर्चीत कोसळला. “ताटं नाहीत हो. एकही नाही. सगळी देऊन टाकली.” मग त्यानं केविलवाणा चेहरा वर केला. “सर, तुम्ही हे पुस्तकात लिहिणार?”

“कसलं पुस्तक?” क्लिफर्ड म्हणाला. “मी छपरं शाकारतो.”

आता सगळा हॉल त्याच्याकडे बघू लागला. हेझेल टोपीआडून पुटपुटली, “झालं. हॉटेलचा हॉल!”

क्लिफर्डच्या काखेत पाटी होती आणि कान लाल झाले होते. त्यानं विहीणबाईंच्या स्कर्टकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

“बाई, चुकलं माझं. पण ती बादली आहे ना, ती हटवायला बावीस पाट्या हव्यात. मार्चपासून शोधतोय. इथे एकतीस खणखणीत निघाल्या. आपल्या पोरांचं लग्न आहे, मला राहवेना.”

मिसेस विन्स्टनली रुमालानं ग्रेव्ही टिपत होत्या. त्यांचा हात थांबला. “म्हणजे या पाट्या चॅपेलवर गेल्या, तर त्यांच्यावर पुन्हा कुणाला जेवावं लागणार नाही?”

“कबुतरं सोडून कुणालाही नाही.”

“शनिवारपर्यंत छप्पर होईल?”

“शब्द देतो.”

“मग हॉटेलला मी फोन करते,” त्या म्हणाल्या. “आणि मिस्टर बर्केट, मी तिथे कोरड्या जागी बसणार. नवा स्कर्ट घालून.” हेझेलनं टोपी काढली आणि होणाऱ्या सासूला ग्रेव्हीसकट मिठी मारली.

“पण मी कशावर वाढू?” पियर्स रडकुंडीला आला होता.

“चॅपेलच्या कपाटात सामुदायिक जेवणाची फिकट हिरवी ताटं आहेत,” क्लिफर्ड उदारपणे म्हणाला. “दोनशे! साठ घेऊन जा.”

नोरीननं काटा खाली ठेवला. त्या कपाटाची किल्ली पंचवीस वर्षं तिच्याकडे होती. “कुणाला विचारून?”

तिनं डोळे मिटले. सगळे थांबले. देवाचं आणि तिचं काय बोलणं झालं कोण जाणे, पण थोडा वेळ लागला.

“पन्नास,” ती डोळे उघडून म्हणाली. “हातानं धुवायची. मशिनमध्ये घातलीस तर मी येईन.”

“फिकट हिरवी?” पियर्स हळूहळू ताठ झाला. “जुन्या चॅपेलमधली? गोल?” त्याचे डोळे लकाकले. “ताटावर जेवण! अहो, असं तर लंडनमध्येसुद्धा आता कुणी करत नाही!”

सोमवारी सहाला डोंगरावर धुकं होतं. नोरीन बायबलमधलं रोजचं वचन वाचत स्वयंपाकघरात बसली होती, म्हणून क्लिफर्डनं दार आवाज न करता ओढून घेतलं. शिडी आणि बावीस पाट्या गाडीत चढवल्या आणि तो एकटाच चॅपेलपाशी आला. सगळ्यात वरच्या पाटीवर वाळलेली पुदिन्याची चटणी घट्ट चिकटली होती. नखानं निघेना, थुंकी लावली तरी निघेना. क्लिफर्डनं इकडेतिकडे पाहिलं, ती बाजू खाली केली, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.